समुद्राची रेघ आणि आपली वही



उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून बचत गटाची समन्वयिका म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय. विषय ऐकून काही जणींना वाटेल, हे काय मध्येच? विषय आहे बर्फ. आपला आणि बर्फाचा संबंध फ्रिजपुरता, नाहीतर मासळीवाल्या मावशींच्या पाटीपुरता. पण पृथ्वीच्या टोकांना साठलेला बर्फ वितळला की मुंबईचा समुद्र चढतो. समुद्र चढला की कल्याणची खाडी चढते. आणि खाडी चढली की भर पावसात आपल्या वालधुनीचं पाणी जायचं कुठं, हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे हा विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. तो मी आज इतिहासाच्या बाजूनं सांगणार आहे. कारण समुद्र पूर्वी कसा वागला हे कळल्याशिवाय पुढं तो कसा वागेल हे समजत नाही.

आधी एक घरगुती प्रयोग सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दोन स्टीलचे पेले घ्या. पहिल्यात बर्फाचे खडे टाका आणि मग पाणी काठोकाठ भरा. दुसऱ्या पेल्यात नुसतं पाणी काठोकाठ भरा आणि त्याच्यावर चहाची गाळणी ठेवून तिच्यात तितकेच खडे ठेवा. अर्ध्या तासानं बघा. पहिला पेला सांडलेला नसेल, कारण तरंगणाऱ्या बर्फानं आपल्यापुरती जागा आधीच व्यापलेली असते. दुसरा पेला मात्र सांडेल. समुद्राचंही असंच आहे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवर बसलेला बर्फ वितळून समुद्रात आला की पातळी वाढते. असा जमिनीवरचा सगळ्यात मोठा साठा दोनच ठिकाणी आहे, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका. शिवाय हिमालय, आल्प्स, अँडीज अशा डोंगरांवरच्या हिमनद्या आहेत.

आता इतिहासाकडे येऊ. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच थंड होती. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप यांच्यावर डोंगराएवढे जाड बर्फाचे थर बसले होते. एवढं पाणी जमिनीवर अडकल्यामुळं जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. म्हणजे जवळपास चाळीस मजली इमारतीइतका. तेव्हा आपल्या कोकणाचा किनारा आज आहे तिथं नव्हताच, तो पश्चिमेला कितीतरी लांब होता. आज जिथं कोळी बांधव जाळी टाकतात, तिथं जमीन होती. पुढं पृथ्वी तापत गेली, तो बर्फ वितळला आणि हजारो वर्षं समुद्र हळूहळू आत येत राहिला.

त्या काळचा एक साक्षीदार आपल्या जवळच सापडला होता. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनच्या पूर्वेला जहाजांसाठी प्रिन्सेस डॉक बांधायचं काम १८७५ नंतर चालू होतं. ही गोदी १८८० साली सुरू झाली. तिच्यासाठी खोल खणताना मजुरांना चिखलाखाली झाडं लागली. एकदोन नव्हे, साडेतीनशेहून जास्त. त्यातली बरीच झाडं मुळं जमिनीत रोवून जशीच्या तशी उभी होती, बाकीची आडवी पडलेली होती. झाडं कसली, तर खैराची. पानाला ज्याचा कात लावतात तोच हा खैर. आपल्या मलंगगडाच्या आणि बदलापूरच्या रानात तो आजही दिसतो. खैर कोरड्या जमिनीवर वाढतो, खाऱ्या पाण्यात त्याचं काम नाही. आणि इथं तर त्याच्या बुंध्यांवर समुद्राच्या निळसर चिकणमातीचा जाड थर बसला होता, पातळी भरतीच्या रेघेच्या कितीतरी खाली. पुढं १९१० च्या सुमारास जवळच अलेक्झांड्रा डॉक खणताना, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकच्या जागी, पुन्हा तशीच झाडं मिळाली.

याचा अर्थ काय? आज जिथं जहाजं लागतात, तिथं एके काळी रान होतं. त्या वेळच्या अभ्यासकांना वाटलं की तिथली जमीनच खचली असावी. जमीन खचते हे खरंच आहे, आणि मुंबईच्या बाबतीत तसंही काही झालेलं असू शकतं. पण हिमयुगानंतर समुद्र किती चढला हे आता जगभरच्या पुराव्यांवरून कळलंय, त्यामुळं अशा बुडालेल्या रानांकडे बघण्याची नजर बदलली आहे. समुद्राची रेघ म्हणजे देवानं कायमची आखून दिलेली रेघ नाही, एवढं त्या खैरांनी आपल्याला दाखवून दिलं.

मग समुद्र थांबला कधी? सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्या मोठ्या बर्फाचा बहुतेक भाग वितळून संपला आणि चढण मंदावली. गेली दोन-तीन हजार वर्षं तर समुद्र जवळपास एकाच पातळीवर राहिला. मैत्रिणींनो, माणसाचा लिहिलेला इतिहास बहुतेक या शांत काळातला आहे. आपल्या भागाचंच बघा. कल्याण हे सातवाहनांच्या काळातलं नावाजलेलं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. नालासोपाऱ्याचं सोपारा बंदर त्याच काळातलं. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळात, १०६० साली, वालधुनीच्या काठी उभं राहिलं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्या खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमारासाठी जहाजं बांधली जाऊ लागली. बंदरं, देवळं, किल्ले, कोळीवाडे हे सगळं समुद्र जागेवर राहील या भरवशावर वसलं. कुणी तसं बोलून दाखवलं नसेल, पण भरवसा तोच होता.

इथं एक खुलासा करते, नाहीतर गोंधळ होईल. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांचं महत्त्व गेलं ते समुद्र चढला म्हणून नव्हे. नद्यांच्या गाळानं खाड्या उथळ झाल्या आणि मोठी जहाजं आत येईनात. काठावर बदल दिसला की लगेच बर्फाला दोष द्यायचा, असं करून चालत नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं तपासावं लागतं.

आणि तपासायचं तर नोंद लागते. म्हणून आता मी एका यंत्राची गोष्ट सांगणार आहे. ज्या १८७८ साली प्रिन्सेस डॉकमधल्या झाडांची माहिती छापून आली, त्याच वर्षापासूनच्या समुद्राच्या पातळीच्या नोंदी मुंबईच्या अपोलो बंदरावर मिळतात. आज तिथं गेटवे ऑफ इंडिया आहे, तेव्हा तो नव्हता. भरती-ओहोटी मोजायचं यंत्र तसं साधं होतं. एक विहिरीसारखी उभी नळी. तिला खाली छोटं भोक. त्यातून समुद्राचं पाणी सावकाश आत येतं, म्हणजे लाटांचे हिसके आत लागत नाहीत, फक्त पाण्याची उंची कमी-जास्त होते. वर एक तरंगता गोळा, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकचा असतो तसा. गोळ्याला तार, तारेला पेन्सिल, आणि घड्याळाच्या चावीवर फिरणाऱ्या पिंपावर कागद गुंडाळलेला. पाणी चढलं की पेन्सिल चढणार, उतरलं की उतरणार. रोज एक नागमोडी रेघ तयार.

हे काम सर्व्हे ऑफ इंडियानं सुरू केलं ते काही बर्फाची काळजी वाटून नव्हे. जहाजांना भरतीचं वेळापत्रक हवं होतं आणि जमिनीची उंची मोजायला एक पाया हवा होता. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना, ती समुद्रसपाटी म्हणजे अशाच बंदरांवरच्या नोंदींची सरासरी. पण रोज न चुकता लिहिलेल्या वहीचं असं असतं की, ती ज्या कामाला सुरू केली त्याच्यापेक्षा मोठ्या कामाला येते. इतकी जुनी नोंद आशियात फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणूनच आज जगभरचे अभ्यासक मुंबईचा हा आकडा वापरतात.

ती वही काय सांगते? मुंबईला समुद्र वर्षाला एक मिलिमीटरपेक्षा थोडा कमी, असा चढत आला. शंभर वर्षांत आपल्या एका बोटाच्या लांबीइतका. ऐकून वाटेल, एवढंच? पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, जगभरची सरासरी याहून जास्त आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास वीतभर चढला. आधीच्या किमान तीन हजार वर्षांत कुठल्याही शतकात तो इतक्या वेगानं चढला नव्हता. अंबरनाथचं देऊळ बांधलं तेव्हापासून आठशे वर्षांत जे झालं नाही, ते आपल्या पणजीच्या काळापासून आजपर्यंत झालं. दुसरी गोष्ट, वेग वाढतोय. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात म्हटलंय की उत्तर हिंदी महासागर १८७४ ते २००४ या काळात वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर चढत होता, आणि १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर. व्याजाचा दर दुप्पट झाला की कर्जाचं काय होतं, हे बचत गटातल्या बाईला समजावून सांगायची गरज नाही.

यात बर्फाचा वाटा किती? खरं सांगायचं तर सगळं पाणी बर्फाचं नाही. पाणी तापलं की फुगतं, तसा समुद्रही तापून फुगतो. १९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीचा निम्मा भाग या फुगण्याचा आहे. सुमारे २२ टक्के डोंगरांवरच्या हिमनद्यांचा, आणि सुमारे २० टक्के ग्रीनलँड-अंटार्क्टिकाच्या बर्फाचा. उरलेला भाग जमिनीतून उपसून शेवटी समुद्राला मिळालेल्या पाण्यासारख्या गोष्टींचा. पण अलीकडे बर्फाचा वाटा वाढत चाललाय. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचं वजन आता आकाशातून, उपग्रहांनी केलं जातं. बर्फ कमी झाला की तिथली पृथ्वीची ओढ किंचित कमी होते, ती हे उपग्रह टिपतात. समुद्र एक मिलिमीटर चढायला सुमारे ३६ हजार कोटी टन बर्फ वितळावा लागतो. १९९२ ते २०२० या काळात एकट्या ग्रीनलँडनं याच्या तेरापटीहून जास्त बर्फ गमावला.

या ओढीची आणखी एक गंमत आहे, आणि ती आपल्या मुळावर येणारी आहे. ग्रीनलँडचा बर्फ इतका अवजड की तो आजूबाजूचं समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढून धरतो. बर्फ वितळला की ती पकड सैल होते. मग ग्रीनलँडच्या जवळची पातळी उलट उतरते आणि सुटलेलं पाणी दूरच्या समुद्रांच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त येतं. दूरचे म्हणजे कोण? आपल्यासारखे विषुववृत्ताच्या आसपासचे. बर्फ त्यांच्या दारातला आणि पाणी आपल्या दारात, असा हा हिशोब आहे.

आता आपल्या दारात येऊ. उल्हास नदी लोणावळ्याजवळच्या घाटातून निघते. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण असं करत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथ आणि आपल्या कॅम्पांमधून वाहत कल्याणजवळ खाडीला मिळते. कल्याणच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. म्हणजे आपला सगळा पाऊस, सगळं सांडपाणी शेवटी ज्या तोंडातून बाहेर पडायचं, ते तोंड समुद्र दिवसातून दोनदा अडवतो. मोरीचं पाणी ज्या बादलीत सोडलंय ती बादलीच भरलेली असली, तर मोरी तुंबणार. तसंच हे.

२६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच दुपारची मोठी भरती आली. मुंबई बुडाली आणि उल्हासच्या खोऱ्यात बदलापूरपासून कल्याणपर्यंत पाणी घुसलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. हे पूर बर्फामुळं आले असं मी म्हणत नाही. ते पावसाचे पूर होते. त्यात बुजवलेले नाले, काठावर टाकलेला भराव आणि प्लास्टिकनं भरलेली गटारं यांचा हातही होता. पण समुद्राची पातळी ही त्या बादलीची पातळी आहे. ती वीतभर वर गेली की तोच पाऊस, तीच भरती, आणि पाणी मात्र आधी चढतं आणि उशिरा उतरतं. ज्यांची खोली नाल्याच्या काठी, जमिनीलगत आहे, त्यांच्यासाठी वीतभर म्हणजे शिलाई मशीनची मोटर कोरडी राहणं की भिजणं. आणि वालधुनीचं पाणी नुसतं पाणी नसतं, कारखान्यांची घाण घेऊन येतं. एकदा घरात शिरलं की धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, काही वाचत नाही.

पुढं काय? संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलाच्या समितीनं २०२१ मध्ये अंदाज दिला. जगानं धूर लवकर आणि खूप कमी केला तर २१०० सालापर्यंत समुद्र साधारण २८ ते ५५ सेंटिमीटर चढेल. धूर वाढतच राहिला तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर. दोन्हींमधला फरक म्हणजे घोट्यापर्यंतचं पाणी की मांडीपर्यंतचं. आज ज्या मुली अंगणवाडीत आहेत, त्या तेव्हा आजी असतील.

घर सोडून येणं म्हणजे काय, हे आपल्या कॅम्पांना शिकवावं लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बरॅकींमध्ये राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही आपल्याकडे पत्ता बरॅक नंबरनं सांगतात. तीन पिढ्यांनी घाम गाळून इथं घर, दुकान, शिलाईचं काम उभं केलं. समुद्रापायी गाव सोडावं लागलेली माणसंही आपल्याच देशात आहेत. ओडिशातलं सातभाया गाव समुद्र गिळत गेला आणि २०१८ मध्ये तिथल्या पाचशेहून जास्त कुटुंबांना बागपटियाला हलवावं लागलं. तिथं लाटांची धूप आणि नद्यांचा गाळ कमी होणं हीसुद्धा कारणं आहेत. पण माणसानं घर गमावायचं ते गमावलंच. उल्हासनगर समुद्रात बुडणार नाही, उगाच भीती नको. आपला धोका वेगळा आहे. दर दोन-चार वर्षांनी पाणी शिरायचं, थोडं थोडं सामान जायचं, दरवेळी गटातून कर्ज काढून तेच सामान पुन्हा घ्यायचं. कुणी गाव सोडा म्हणत नाही, पण बाई पुढं सरकत नाही.

मग आपण काय करायचं? ग्रीनलँडचा बर्फ आपण थांबवू शकत नाही. पण अपोलो बंदराच्या त्या यंत्रानं जे केलं, ते आपण करू शकतो. बचत गटाच्या पंचसूत्रीत शेवटचं सूत्र काय आहे? लेखे अद्ययावत ठेवणं. तेच पाण्याचं करायचं. आपल्या वस्तीत पाणी शिरलं की भिंतीवर ते किती चढलं तिथं पक्क्या रंगानं रेघ मारायची आणि तारीख लिहायची. गटाच्या वहीत एक पान पाण्याचं ठेवायचं. त्यात तारीख, किती वाजता शिरलं, किती वाजता उतरलं, त्या दिवशी भरती कधी होती, आणि कुणाचं काय गेलं, हे लिहायचं. भरतीची वेळ वर्तमानपत्रात येते, मोबाइलवरही मिळते. पावसाळ्यात मोठ्या भरतीचे दिवस आधीच पाठ करून ठेवायचे. त्या दिवशी मशीनची मोटर, रेशन कार्ड, गटाचं पासबुक आणि इतिवृत्ताची वही माळ्यावर.

याचा उपयोग काय, असं विचाराल. नालेसफाईसाठी किंवा भराव थांबवण्यासाठी महापालिकेत गेलं की आपल्याला विचारतात, पाणी किती आणि कधी येतं? आपण म्हणतो, खूप येतं, नेहमी येतं. हे कुणी लिहून घेत नाही. पण पाच वर्षांच्या तारखा आणि उंची असलेली वही टेबलावर ठेवली की ती बाजूला सारता येत नाही. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यालाही तीच वही उपयोगी पडते. आणि नवीन घर किंवा गाळा घेताना, मशीन ओट्यावर किती उंच बसवायचं हे ठरवताना, भिंतीवरची ती रेघच आपल्याला सल्ला देते.

खैराच्या त्या रानाला कुणी साक्षीदार नव्हता. समुद्र कधी आला, किती वर्षांत आला, आधी कुठलं झाड वाळलं, काही लिहिलेलं नाही. आपल्या वस्तीचं तसं होऊ देऊ नका. या पावसाळ्याच्या आधीच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या आणि पाण्याचं पान कोण लिहिणार, तिचं नाव ठरवा.